गाठ, लाज आणि हात : स्तनतपासणीचा साडेतीन हजार वर्षांचा इतिहास

धागा 🧵

१/
इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. इराणी साम्राज्याचा सम्राट दारियस याची राणी अतोसा हिच्या स्तनावर गाठ उठली. ही साधीसुधी स्त्री नव्हे. सायरसाची कन्या, दारियसाची पत्नी आणि पुढे ग्रीसवर चालून गेलेल्या झर्क्सीसची माता. तरीही गाठ लहान होती तोवर तिने ती लाजेपोटी लपवली, कोणालाही सांगितली नाही. गाठ फुटून पसरू लागली, तेव्हा कुठे तिने वैद्याला बोलावले. ही हकिकत हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या ग्रंथात नोंदवली आहे.

२/
तो वैद्य डेमोसिडीस, दक्षिण इटलीतल्या क्रोटन या ग्रीक वसाहतीचा. दरबारात मान होता, संपत्ती होती; मायदेशी परतण्याची मुभा मात्र नव्हती. उपचारापूर्वी त्याने राणीकडून वचन घेतले : बरी झालात, तर मी मागेन ते द्यायचे. राणी बरी झाली. वचनाप्रमाणे तिने दारियसाच्या मनात ग्रीसच्या स्वारीचे बीज पेरले. टेहळणीसाठी निघालेल्या इराणी पथकाबरोबर डेमोसिडीस वाटाड्या म्हणून गेला आणि संधी मिळताच निसटून क्रोटनला पोहोचला.

३/
हिरोडोटसला रस होता तो राजकारणात. आपण मात्र त्या गाठीपाशी थांबू. ती नेमकी कसली होती? त्या काळच्या उपचारांनी राणी बरी झाली, यावरून ती कर्करोगाची असण्यापेक्षा पू झालेल्या गळवाची असण्याचा संभव अधिक. परंतु अतोसाला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

म्हणजे प्रश्न दोन. ही गाठ कसली, हे कसे ओळखायचे? आणि ती वेळेवर दाखवायला बाईला धीर कसा यायचा? स्तनतपासणीचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

४/
पहिल्या प्रश्नाचे आपल्याला ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखी उत्तर इजिप्तमध्ये सापडते. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. इ.स.पू. १६०० च्या सुमाराची ही नक्कल; मूळ मजकूर त्याहूनही प्राचीन. १९३० मध्ये जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ४८ रुग्णप्रकरणे आहेत. ती डोक्यापासून सुरू होतात, छातीपर्यंत उतरतात आणि पाठीच्या कण्यापाशी वाक्य अर्धवट सोडून थांबतात.

५/
प्रकरण ४५ छातीवरच्या फुगीर गाठींचे. वैद्याने गाठीवर हात ठेवावा. ती गार लागते का? आत पाणी वा पू जाणवतो का? गाठ टणक, गार आणि पू नसलेली असेल, तर निदान ठरते. आणि उपचाराच्या जागी ‘उपचार नाही’ अशा अर्थाची नोंद येते.

यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, निदानाचे साधन होते फक्त हाताचा तळवा. दुसरी, मजकुरातला रुग्ण व्याकरणाने पुरुष आहे. स्तनांचा कर्करोग पुरुषांनाही होतो, हे आजही अनेकांना ठाऊक नसते.

६/
भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, दहाव्या अध्यायात, स्तनरोगांचे विवेचन येते. त्याची भूमिका अशी : कन्यांच्या स्तनांतील वाहिन्यांची द्वारे मिटलेली असतात, म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत, गर्भिणी व प्रसूत स्त्रियांत ती उघडतात, म्हणून त्यांना होतात. हे विधान आज सर्वांशाने टिकत नाही. पण बाळंतपण, दूध आणि स्तनांची सूज यांचा संबंध निरीक्षणातूनच आलेला आहे.

पुढच्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन : गोल, स्थिर, कमी दुखणारे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे.

७/
‘न पिकणारे’ या लक्षणात आणि इजिप्तच्या ‘गार’ या लक्षणात एकच शहाणपण आहे. दूध साचून जंतुसंसर्ग झाला की स्तन लाल होतो, तापतो, ठणकतो, अंगात ताप भरतो. हे गळू आहे. पू काढला की बाई बरी होते. कर्करोगाची गाठ मात्र बहुधा शांत असते. दुखत नाही म्हणून बाई थांबते आणि थांबण्याचे मोल मोजते.

रोमन काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गेलनने गाठीभोवती फुगलेल्या शिरांची तुलना खेकड्याच्या पायांशी केली. ‘कर्क’ हे नावही तसल्याच उपमेतून आले आहे.

८/
गेलनच्या मते कर्करोगाचे मूळ शरीरात साचलेल्या काळ्या पित्तात होते. ही कल्पना युरोपात दीड हजार वर्षे टिकली. तिचा परिणाम असा, की हाताला लागलेल्या प्रत्येक टणक गाठीकडे वैद्य एकाच भीतीने पाहत.

वस्तुस्थिती वेगळी आहे. स्तनांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ‘ही ती नव्हे’ असे खात्रीने सांगता येत नाही, तोवर या वस्तुस्थितीचा रुग्णाला उपयोग शून्य. त्या अज्ञानाची किंमत काय असे, ते पुढे पाहू.

९/
पॅरिस, ३० सप्टेंबर १८११. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्या उजव्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद होता डोमिनिक लारे, नेपोलियनच्या सैन्यातला नामांकित सर्जन. तेव्हा भूल अस्तित्वात नव्हती. मद्याचा एक घोट आणि चेहऱ्यावर पातळ रुमाल, एवढीच सोय. काळ्या पोशाखातली सात माणसे खोलीत शिरली. रुमाल इतका विरळ होता, की त्यातून तिला पोलादाची चमक दिसली. सुमारे वीस मिनिटे ती शुद्धीवर होती, मधल्या काही क्षणांचा अपवाद सोडून.

१०/
नंतर तिने बहीण एस्थर हिला दीर्घ पत्र लिहिले. ते पुरे व्हायला कित्येक महिने लागले, कारण आठवण काढणेही तिला असह्य होई. शस्त्रक्रियेचा अनुभव रुग्णाच्या बाजूने सांगणारा वैद्यकाच्या इतिहासात इतका स्पष्ट दस्तऐवज विरळाच.

बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली; १८४० साली वयाच्या ८७ व्या वर्षी वारली. म्हणूनच अभ्यासकांना शंका येते : ती गाठ खरोखर कर्करोगाची होती का? लारे कसबी होता. पण त्याच्याही बोटांना खात्री देणारे शास्त्र अजून जन्मले नव्हते.

११/
ते शास्त्र उभे करणाऱ्यांत अग्रणी होता लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचा ॲस्टली कूपर. १८२९ मध्ये त्याने स्तनांच्या रोगांवरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील विषय होता मुख्यतः कर्करोग नसलेल्या गाठींचा! पाण्याने भरलेल्या पुटी वेगळ्या. तरुण स्त्रियांतील घट्ट, गुळगुळीत, सरकणारी गाठ वेगळी. गाठीपेक्षा वेदनाच मोठी असते तो विकार वेगळा. त्यामुळे स्तन कापण्याची गरज नसलेल्या स्त्रियांना तसे सांगणे शक्य होऊ लागले.

१२/
कूपरचे हे वर्गीकरण आजच्या भाषेत मांडू.
▪️ फायब्रोॲडेनोमा : बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात, बोटाखालून चटकन निसटणारी गाठ.
▪️ सिस्ट, म्हणजे द्रवाची पुटी : चाळिशीच्या आसपास अधिक, सुईने पाणी काढले की अनेकदा नाहीशी होते.
▪️ पाळीपूर्वी दोन्ही स्तन दाटणे, दुखणे, खरखरीत लागणे : संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम.
▪️ गळू : विशेषतः स्तनपानाच्या काळात.
▪️ कर्करोग : टणक, अस्पष्ट कडांची, आजूबाजूला चिकटलेली गाठ. पण याला अपवाद असतात, म्हणून केवळ हातावर विसंबून चालत नाही.

१३/
१८४० साली कूपरने स्तनांच्या रचनेवर दुसरा ग्रंथ लिहिला. त्वचेपासून आतपर्यंत स्तनाला आधार देणारे तंतूंचे बंध त्याने रेखाटले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. या बंधांना कर्करोगाने आत ओढले, की वरच्या त्वचेवर खळी पडते. रुग्णेला हात वर करायला सांगतात किंवा कमरेवर दाबायला लावतात, ते ही खळी उठून दिसावी म्हणून. म्हणजे हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहायचे असते.

१४/
डोळ्यांची ही शिकवण जेम्स पॅजेट यांनी पुढे नेली. १८७४ मध्ये त्यांनी पंधराएक स्त्रियांची निरीक्षणे मांडली. स्तनाग्राभोवती न बरा होणारा, खरजेसारखा चट्टा येतो आणि काही काळाने त्याच स्तनात कर्करोग प्रकट होतो. तोवर हे दुखणे साधे त्वचेचे समजून मलमे लावली जात. एका बाजूच्या स्तनाग्राची अशी खपली मलमाने बरी होत नसेल, तर आजही डॉक्टर तिचा तुकडा तपासतात. या विकाराला पॅजेटचेच नाव आहे.

१५/
डोळे आणि बोटे यांच्या जोडीला तिसरे साधन आले : प्रश्न. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी नोंदवले होते, की मठातील जोगिणींत स्तनांचा कर्करोग अधिक आढळतो. याचा पद्धतशीर छडा लावला ब्रिटिश डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी. १९२६ मध्ये त्यांनी कर्करोग असलेल्या सुमारे ५०० आणि नसलेल्या सुमारे ५०० स्त्रियांची तुलना केली. लग्न केव्हा झाले, मुले किती, अंगावर पाजले का? आज स्तनांच्या तपासणीआधी डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांचे मूळ इथे आहे.

१६/
आता दुसरा प्रश्न : दाखवायचे कोणाला? एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा दुखणे सोसणे बऱ्याच घरांत प्रतिष्ठेचे मानले जाई. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्याचे कारण सांगितले, ते हेच : या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस एडिथ पीची मुंबईत आल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षी स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा रुग्णालय सुरू झाले.

१७/
दरम्यान पश्चिमेकडे भूल आली (१८४६), जंतुनाशक शस्त्रक्रिया आली आणि सर्जनांचे धाडस वाढले. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत रुजवली. १८९४ मध्ये त्यांनी ५० स्त्रियांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ही ‘रॅडिकल’ शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षे प्रमाण मानली गेली. छाती खोलगट होई, हात सुजे. गाठ मोठी होऊन आलेल्या स्त्रियांसाठी तेव्हा दुसरा पर्याय फारसा नव्हता. पण छोट्या गाठीलाही तोच न्याय लागू झाला.

१८/
निदानाची रीतही कठोर होती. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये गोठवलेल्या तुकड्याची तत्काळ तपासणी सुरू झाली. सोय मोठीच. पण तिच्यातून एक प्रथा पडली : बाईला भूल द्यायची, तुकडा तपासायचा आणि कर्करोग दिसला तर त्याच बैठकीत स्तन काढायचा. टेबलावर झोपताना तिला ठाऊक नसे, की जाग येईल तेव्हा स्तन असेल की नसेल.

वास्तविक पर्याय उपलब्ध होता. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी काढून निदान करता येते, हे दाखवले होते.

१९/
या प्रथेला आव्हान दिले एका रुग्णेने. पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ मध्ये गाठ लागली. आधी फक्त तुकडा तपासा, निर्णय मी नंतर घेईन, ही त्यांची मागणी. ती मान्य करणारा सर्जन शोधताना त्यांची दमछाक झाली. त्यांनी लिहिले, भाषणे केली, परिषदांत प्रश्न विचारले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीत त्या सदस्य होत्या. निदान आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात, असे त्या समितीने सांगितले. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवले, की योग्य रुग्णांत स्तन वाचवूनही आयुर्मान घटत नाही.

२०/
क्ष-किरणांची वाटचाल समांतर चालू होती. १९१३ मध्ये बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन यांनी काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे अभ्यासली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांची मोठी चाचणी सुरू झाली. एका गटाला मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी, दोन्ही. त्या गटात मृत्यू घटले. श्रेय मॅमोग्राफीला मिळाले. पण त्यात सापडलेल्या कर्करोगांचा मोठा हिस्सा केवळ हाताने सापडला होता, हे फार कमी जण सांगतात.

२१/
मग हात कोणाचाही चालेल का? शांघायमध्ये कापडगिरण्यांतील २,६६,०६४ स्त्री कामगारांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना स्वतःचे स्तन तपासायला काटेकोरपणे शिकवले. २००२ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत मृत्यू जवळजवळ सारखेच, १३५ आणि १३१. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींचे तुकडे काढणे मात्र वाढले. ‘फरक ओळखणे’ किती कठीण, हे यावरून पुन्हा दिसले. आपल्या शरीराची ओळख असावी, बदल जाणवला तर दाखवावा. पण घरच्या तपासणीने सारे भागते, असे समजू नये.

२२/
आणि आता मुंबई. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांसह चाचणी सुरू केली. मॅमोग्राफीची यंत्रे वस्तीवस्तीत पोहोचणे शक्य नव्हते. मग हाताने तपासणाऱ्या आरोग्यसेविका तयार केल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. आधी पाहायचे, मग बोटांच्या सपाट बाजूने स्तन आणि काख चाचपायची, संशय आला तर रुग्णालयात पाठवायचे.

२३/
वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. तपासणीच्या गटात पुढच्या अवस्थेतले (तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले) कर्करोग ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. एकूण मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले आणि ही घट कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंत फरक दिसला नाही. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय निष्कर्ष पुरा होत नाही.

२४/
या चाचणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातील स्त्रियांना केवळ माहिती दिली, तपासणी नाही. हे नैतिकदृष्ट्या योग्य होते का, असा प्रश्न विचारला गेला. तेव्हा देशात अशी तपासणी कोणालाच नियमित मिळत नव्हती, हे संशोधकांच्या बाजूचे उत्तर. दोन्ही म्हणणी लक्षात ठेवावीत. आज आपल्याला जे कळते, त्यात तपासणी न मिळालेल्या स्त्रियांचाही वाटा आहे आणि त्यांचे ऋण मान्य करायला हवे.

२५/
२०१६ मध्ये, म्हणजे हे अंतिम निष्कर्ष येण्यापूर्वीच, केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे आखली. आज संशयास्पद गाठीचे निदान तिहेरी असते : डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेला नमुना. तिन्ही जुळले की मग निर्णय, तोही रुग्णेशी बोलून. यातला प्रत्येक दुवा वर सांगितलेल्या कोणत्या ना कोणत्या माणसाने जोडलेला आहे.

२६/
हा धागा तरुण वाचकांसाठी आहे, म्हणून शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. नवी गाठ, त्वचेवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, न बरी होणारी खपली, काखेत गाठ : यांपैकी काहीही दिसले, तर दुखो वा न दुखो, आठवडाभरात डॉक्टरांना दाखवावे. पुरुषांनीसुद्धा. बहुतेक वेळा ‘काळजीचे कारण नाही’ असेच ऐकायला मिळेल.

घरातल्या आई, मावशी, आत्या, काकू यांनी हे वाचले नसेल, तर त्यांना वाचून दाखवा. पन्नाशीच्या पुढे असतील तर आधी त्यांना.

(धागा समाप्त)